‘कशासाठी’ची ओळ

पेल्को बे, मिशिगन
२० मार्च २०१७

चि. कायसा,

पत्र बघून दचकू नकोस, मेले नाहीये अजून. ब्याऐंशी पूर्ण झाली, कानाने जवळजवळ बहिरी झालेय, समोरच्याचे ओठ बघून भागवते, बाकी सगळं जागेवर आहे. फोन केला असता, पण फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते, आणि तुझं बोलणं तर लहानपणी समोर बसूनही निम्मंच कळायचं. म्हणून पत्र.

काल बँकेत गेले होते. तिथली नवी पोरगी म्हणाली, "आजी, तुमचे सोळा चेक कुणी वटवलेलेच नाहीत." मी म्हटलं, ठाऊक आहे. तर म्हणते कशी, "मग पाठवता कशाला?" हसत होती. लायनीत टेर्वोंचा वॉल्ट उभा होता, त्यानेही ऐकलं. शेजारीच राहतो, म्हणजे आता गावभर झालं.

तू अठरा वर्षांची झालीस तेव्हापासून दर अकरा मार्चला दोनशे डॉलर पाठवतेय. त्याआधी जे पाठवलं ते तुझा बाप न फोडता परत पाठवायचा. माझ्या सख्ख्या भावाचं अक्षर मी पाकिटावरच्या ‘परत’ या एका शब्दात बघितलंय. तू सज्ञान झालीस, तेव्हा वाटलं, आता पोरीच्या नावाने पाठवावं, रेनोला हात लावता येणार नाही. तू परत पाठवले नाहीस, पण घेतलेही नाहीस. हा सतरावा. यंदाचाही तसाच पडून असेल.

घ्यायचे नसतील तर स्पष्ट सांग की, "आत्या, तुझा पैसा मला नको." ते मला समजेल, कारणही मला ठाऊक आहे. पण हे असं अधांतरी ठेवू नकोस. शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं तीनशे पोरांना वाढलं, एकाने ताट नको म्हटलं तर तोंडावर म्हटलं.

इल्मा आत्या


टोलेडो, ओहायो
२ एप्रिल २०१७

प्रिय इल्मा आत्या,

तुमचं पत्र मिळालं. मी एका बोटाने टाइप करते, म्हणून उत्तराला उशीर झाला. एक पान म्हणजे दोन दिवस. त्यामुळे मी फालतू काही लिहीत नाही, हे आधीच सांगते.

चेक न वटवण्याचं तुम्ही म्हणता ते कारण कुठलं, ते मला माहीत नाही. खरं कारण सांगते. लाजेपोटी इतकी वर्षं सांगितलं नाही.

मला अपंगांचा सरकारी भत्ता मिळतो. त्याची अट अशी की माझ्या नावावर दोन हजार डॉलरच्या वर काही असता कामा नये. दोन हजार एक झाले की भत्ता बंद. आणि कुणी रोख भेट दिली की त्या महिन्याचा भत्ता जवळजवळ तेवढाच कापतात. तुमचे दोनशे मी घेतले असते तर इकडून एकशे ऐंशी गेले असते, वर तीन फॉर्म भरायचे. आणि भत्त्याला उपचारांची मदत जोडलेली. ती गेली तर डोरेथा जाईल. डोरेथा म्हणजे रोज सकाळी सातला येऊन मला पलंगावरून उठवणारी बाई. ती आली नाही तर मी दिवसभर छताकडे बघत पडून राहते. एकदा एका फॉर्ममधल्या चुकीने तसं झालंय, चार दिवस. तेव्हा पपा होते म्हणून निभावलं.

पपा म्हणायचे, "चेक वटवलाच नाही तर तो मिळालाच नाही." कायद्यात असं काही आहे की नाही देव जाणे, पण आमच्या घरचा कायदा हाच होता. माझ्या नावावर काही ठेवायचं नाही. आईची अंगठीसुद्धा पपांनी शेजारणीकडे ठेवायला दिली होती. मी तिला म्हणायचे, जरा घालून दाखव, बघू दे.

आता एक गंमत झालीय. गेल्या वर्षापासून आमच्या राज्यात एबल खातं म्हणून निघालंय, फक्त अपंगांसाठी. त्यात टाकलेला पैसा माझा असूनही भत्त्याच्या हिशेबात माझा धरत नाहीत. वाढेल त्यावर करही नाही, फक्त अपंगपणामुळे लागणाऱ्या गोष्टींवर खर्च करायचा. दुसऱ्या कुणी थेट त्यात टाकला तर भत्ता कापत नाहीत. ग्रंथालयातल्या माझ्या आठवड्याच्या सहा तासांच्या पगारातून मी त्यात दरमहा चाळीस टाकते.

म्हणजे पैसा मला नको होता असं नाही. मला तो घ्यायची परवानगी नव्हती. तुमचा अपमान झाला असेल तर माफ करा.

कायसा


पेल्को बे
११ एप्रिल

कायसा,

आधी ते ‘तुम्ही’ सोड. माझ्या मांडीवर बसून माझी निम्मी कॉफी पिणारी पोरगी मला ‘तुम्ही’ म्हणते, हे वाचून मी ताट बाजूला सारलं. मी काय नगरपालिका आहे?

पत्र तीनदा वाचलं. वॉल्टलाही वाचून दाखवलं, रागावू नकोस, तो चांगला माणूस आहे, खाणीत होता, आता निवृत्त होऊन सुतारकाम करतो. तो म्हणाला, "म्हणजे गरीब राहायचा परवाना काढावा लागतो का?" मी म्हटलं, आणि दरवर्षी नव्याने.

कायसा, सतरा वर्षं मी काय समजत बसले होते ते सांगते. आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल.

तुझी आई गेली तेव्हा मी टोलेडोला आले होते. मातीहून परतलो, माणसं केक खात होती, आणि मी रेनोला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, हिला सरकारी संस्थेत ठेव आणि तू घरी चल, उत्तरेला. नऊ वर्षांची पोर, ना चालता येतं ना धड बोलता. म्हटलं, ही तुझं आयुष्य खाईल. हेच शब्द होते माझे. तो काही बोलला नाही असं मला आठवतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला बसस्टँडवर सोडलं, ते शेवटचं. मेला तेही मला चर्चच्या पत्रकातून कळलं.

मला वाटलं, त्याने तुला सांगितलं असणार. ‘तुला टाकून द्यायला सांगणारी आत्या’ म्हणून तू माझ्या पैशाला हात लावत नाहीस. आणि बरोबरच आहे, मीही लावला नसता.

आता तो खात्याचा पत्ता पाठव. आणि जुने चेक फाडून टाक, ते आता कागद झाले.

इल्मा


टोलेडो
३० एप्रिल

प्रिय आत्या,

बरं, ‘तू’.

पपांनी मला कधीच काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, मी तिथेच होते. फ्रिज आणि दाराच्या मधल्या कोपऱ्यात, खुर्चीत. तुम्ही दोघांनी बघितलं होतं, पण मला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं लोक धरून चालतात. (आता तू बहिरी झालीस, फिट्टंफाट.)

आणि पपा बोलले होते, तुला ऐकू गेलं नसेल, कारण तू रडत होतीस. ते म्हणाले, "खाऊ दे. तिच्यासाठीच ठेवलंय." मग त्यांनी केक कापला.

एवढंच माझ्या लक्षात राहिलं. तू म्हणालीस ते विसरले असं नाही, लागलं मला. खूप लागलं. पण त्याच दुपारी तू माझे केस विंचरलेस. आई गेल्यापासून चार दिवस कुणी विंचरले नव्हते. वेणी इतकी घट्ट घातलीस की डोळे ताणले गेले. त्या दोन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच दिवशी केल्या, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

चेक फाडणार नाही. सगळे आहेत, बिस्किटांच्या डब्यात, वर्षांप्रमाणे लावलेले. चेकच्या डाव्या कोपऱ्यात ‘कशासाठी’ म्हणून एक ओळ असते ना, तुला वाटत असेल ती कुणी वाचत नाही. मी डोरेथाकडून दर वाढदिवसाला डबा काढून घेते आणि पहिल्यापासून वाचते. पहिल्यावर लिहिलंयस, ‘लाल बुटांसाठी’. मग, ‘दात दाखवून ये’. मग, ‘यंदा बर्फ फार’. एकावर, ‘सौनाचं दार बदललं’ (म्हणजे तुझी वाफेची न्हाणी, पपा सांगायचे). पपांच्या वर्षी, ‘रेनो गेला. उशिरा कळलं’. त्याच्या पुढच्या वर्षी, ‘चूक झाली’. त्याच्या पुढच्या, ‘अजून चूकच’. मी विचार करत बसायचे, कसली चूक, रकमेची की काय! चेक वटवला असता तर तो बँकेकडे गेला असता. खरं सांगू? भत्त्याची अट नसती तरी मी ते दिले नसते.

खात्याचा पत्ता मागे लिहिलाय. एक वाईट बातमी: त्यांच्या नियमाप्रमाणे ‘कशासाठी’च्या ओळीत आता माझा खाते क्रमांक लिहायचा असतो.

मला तिकडे यायचंय. रॅम्पवाली गाडी भाड्याने, डोरेथाचा आठवड्याचा पगार, वाटेत मुक्काम, तीन हजार लागतील. सहाशे मैल आहे. साठवते.

कायसा


पेल्को बे
२९ मे

कायसा,

‘तिच्यासाठीच ठेवलंय.’ पंचवीस वर्षांनी माझ्या भावाचा आवाज ऐकला. तुझं पत्र ॲप्रनच्या खिशात ठेवून फिरतेय, आता त्याला वेलदोड्याचा वास लागलाय.

सोळा वर्षांचे बत्तीसशे एकदम तुझ्या त्या खात्याला पाठवले. ओळीत आकडे लिहिले, नऊ आकडे. लिहिताना अगदी तुरुंगातल्या माणसाला पाठवतेय असं वाटलं. यंदाचा दोनशेचा तुझ्या डब्यात राहू दे.

म्हणजे तुझे तीन हजार झाले. जुलैत ये. इथे जुलैच खरा, पाणी थोडं कोमट असतं. वॉल्टला सांगून पुढच्या पायऱ्यांवर रॅम्प करून घेतेय. त्याने विचारलं, कठडा कुठल्या उंचीचा हवा? मी म्हटलं, बसलेल्या माणसाचा हात पोचेल असा. सौनाचा उंबराही कापून काढलाय. सत्तर वर्षांचा उंबरा, माझ्या बापाने बसवलेला. वॉल्टला जिवावर आलं होतं, मी म्हटलं, काप.

मला थोडा खोकला आहे. वसंतात होतोच.

जुलै म्हणतेय हं मी. ऑगस्ट नाही.

इल्मा


टोलेडो
३ जुलै

प्रिय आत्या,

तुझे पैसे जमा झाले. डोरेथाने संगणकावर दाखवलं आणि आम्ही दोघी ओरडलो. खालचे शेजारी वर आले, त्यांना वाटलं मी पडले.

तुला कसं सांगू? चौतीस वर्षांत दोन हजारांच्या वरचा आकडा माझ्या नावापुढे कधी बघितलाच नव्हता. आकडा वर चालला की आमच्या घरात घबराट व्हायची, पपा पटकन काहीतरी विकत आणायचे. एकदा महिनाअखेरीला तीन टोस्टर आणले होते. आता मी रोज सकाळी कॉफीआधी खातं उघडून बघते. तीन हजार नऊशे वीस. काही होत नाही. कुणाचं पत्र येत नाही. आकडा नुसता तिथे असतो, माझा.

म्हणून एक विनंती. सप्टेंबरात आले तर चालेल? तोवर चार हजार होतील. एकदा चार हजार बघायचेत, मग हवे तेवढे खर्च करीन. शिवाय डोरेथालाही ऑगस्टात जमत नाही. (हे खोटं आहे. तिला जमतं.)

तो रॅम्प पळून जाणार नाही ना?

कायसा


पेल्को बे
२२ जुलै

कायसा,

वॉल्टला त्या खात्याची सगळी माहिती वाचायला लावली. त्यात लिहिलंय म्हणे की तू मेलीस तर उरलेला पैसा सरकार उपचारांच्या खर्चापोटी मागू शकतं. मग साठवतेस कुणासाठी, येडे? खर्च कर!

पण चार हजार बघायचेत हे मला कळतं. मला पहिला पगार मिळाला तेव्हा मी तो तीन आठवडे उशीखाली ठेवला होता, रोज रात्री हात लावून झोपायचे. बघ बाई. डोळे भरून बघ.

रॅम्प झाला. छान झालाय. सध्या मीच वापरते.

सप्टेंबरात कधी? तारीख लिही.

इ.


टोलेडो
१४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तारीख: शनिवार, ९ सप्टेंबर, संध्याकाळी पोचू. गाडी ठरवली, पैसे भरले. काल रात्री पूर्ण चार हजार होते, आज चौदाशेने खाली आले. तीनदा खातं उघडून बघितलं, पण ठीक आहे.

अक्षर फार बारीक झालंय तुझं. चष्मा बदल. आणि ‘सध्या मीच वापरते’ म्हणजे काय? पायरी चढायचा कंटाळा येतो का? आळशी.

सौनात मला कोण धरणार ते ठरवून ठेव. मी लाल बूट घालून येणार आहे. खरंच घेतलेत, खात्यातूनच. पायाला आधार देणारे आहेत, म्हणजे नियमात बसतात. लाल मिळत नव्हते, भांडून मागवले.

कायसा


पेल्को बे
१ सप्टेंबर

प्रिय कायसा,

आपण कधी भेटलो नाही. मी वॉल्ट टेर्वो, इल्माबाईंचा शेजारी. परवा फोन केला तो तुमच्या डोरेथाबाईंनी घेतला, त्यांनी तुम्हाला सांगितलं आहेच. तरी नीट लिहायला हवं.

बुधवारी सकाळी मी त्यांना दूध द्यायला गेलो तर त्या टेबलाशी बसलेल्या होत्या. डोकं हातावर होतं. कॉफी गार झाली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते त्यांना मे महिन्यातच सांगितलं होतं, उन्हाळा निघाला तर नशीब असं. मला बजावून ठेवलं होतं की तुम्हाला कळवायचं नाही. म्हणाल्या, "ती घाबरून येईल. मला ती हौसेने यायला हवीय." मी दोनदा पेन हातात घेतलं होतं, पण शब्द दिला होता. माझं चुकलं असेल तर मला क्षमा करा.

जूनपासून त्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या. रॅम्पवरून जायच्या, कठड्याला धरून. तुमच्या उंचीचा केलेला, त्यामुळे त्यांना वाकावं लागायचं. मी म्हटलं, वरती दुसरा बसवतो, तर म्हणाल्या, खबरदार.

पाद्रींशी बोललो. माती ९ तारखेला दुपारी ठेवली आहे, कारण त्या दिवशी तुम्ही येणारच होता. एक दिवस आधी निघता आलं तर पाहा. त्यांचं तुमच्याशिवाय कुणी नाही.

टेबलावर एक पाकीट होतं, तुमच्या घरचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. उघडलं नाही. सोबत पाठवतो.

वॉल्ट टेर्वो


पेल्को बे, मिशिगन
१२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

हे तुझ्या टेबलावरून लिहितेय. टाइपरायटर डोरेथाने कॉफीच्या डब्याशेजारी ठेवलाय. खुर्ची टेबलाखाली बरोबर जाते. वॉल्ट म्हणतो, तू जुलैत टेबलाच्या पायांखाली ठोकळे लावून घेतलेस. ते तू पत्रात लिहिलं नाहीस.

मी खुर्चीतून एकटी आत आले. कुणी उचललं नाही. माझ्या आयुष्यात नातेवाइकांच्या घरात मी असं पहिल्यांदा शिरले. कठड्याला हात लावला, बरोबर माझ्या हाताशी. एका जागी लाकूड गुळगुळीत झालंय, तिथे तू थांबून दम खात असशील.

चर्चमध्ये सगळे माझ्या बुटांकडे बघत होते. तुझ्या बँकेतली ती पोरगी आली होती, माझ्यापाशी येऊन खूप रडली. तिच्या बोलण्यातलं निम्मंच कळलं. आता तुझी अडचण समजली.

जुलै म्हणाली होतीस. ऑगस्ट नाही, असं लिहून म्हणाली होतीस. पैसे होते माझ्याकडे. मी आकडा बघत बसले. दहा आठवडे रोज सकाळी बघितला, आणि तू इथे वाकून वाकून रॅम्पवरून ये-जा करत होतीस. हे मला कुणी माफ करू नये. तू केलंस, ‘डोळे भरून बघ’ म्हणालीस, ते आणखी वाईट. तू कळवायला हवं होतंस. मी घाबरून आले असते, पण आले तरी असते गं.

आता खात्यात नऊशे उरलेत. मघाशी बघितलं. काही वाटलं नाही.

पाकीट मिळालं. डोरेथा म्हणाली, अगं, चेक आहे, दोनशेचा, पण खात्याच्या नावाने नाही, थेट तुझ्या नावाने काढलाय, वाढदिवस नसताना. ती म्हणाली, म्हातारीचा गोंधळ झाला असेल, हा वटवला तर तुझाच भत्ता कापतील, आणि आता माणूस गेल्यावर बँक देणारही नाही. वॉल्ट म्हणाला, नऊ आकडे त्यांना तोंडपाठ होते, गोंधळ कसा होईल?

मला कळलं. तो वटवण्यासाठी नव्हताच. डाव्या कोपऱ्यातल्या ओळीत आकडे नव्हते. बारीक अक्षरात एकच शब्द होता, ‘ये’.

डबा बरोबर आणलाय. हा अठरावा, सर्वात वर ठेवलाय. सतरा वर्षं तू त्या ओळीत लिहीत राहिलीस आणि मला तुला उत्तर लिहायला जागाच नव्हती. आज वॉल्टकडून पेन घेतलं, डोरेथाने मनगट धरलं, आणि तुझ्या ‘ये’च्या शेजारी मी माझ्या हाताने लिहिलं. अक्षर फार वाकडं आलंय. टाइप केलेलं नाही.

‘आले. उशिरा आले.’

कायसा